केरबाची हाक

केरबाची हाक ऐकली की माझं डोकं फिरायचं. दिवस मावळायला आला की नदीपलीकडच्या घाटावर नाव बांधण्याआधी तो तीनदा ओरडायचा, "कोण हाय का?" कुणी ओ दिली तर एका माणसासाठीही नाव न्यायची आणि त्याला पार नेल्याशिवाय ती बांधायची नाही, ही त्याच्या बापजाद्यांची रीत.

पूल होऊन चार वर्षं झाली. वांगी, गुळाच्या ढेपा, सगळं टेम्पोतून परस्पर हातकणंगल्याला जातं. घाटावर उरलंय ते माझं बारदानाचं दुकान. एके काळी नावेत माल भरणाऱ्यांना पोती आणि सुतळी देता देता मला जेवायला सवड नसायची. आता दिवसभर तोंड उघडायचं निमित्त मिळत नाही. नवरा गेला, लेक रक्षिता बेळगावला नांदते. आणि हा बाबा रोज विचारणार, कोण आहे का!

परवा मला राहवलं नाही. तिसऱ्या हाकेला चिडून ओरडले, "हाय की! मी हाय!"

नाव निघाली. मी कपाळावर हात मारून घेतला. सत्तरीचा म्हातारा धापा टाकत वल्हं मारत आला.

"शांताक्का, कुठं जायचं?"

"कुठं न्हाय. रागानं बोलले."

"ओ दिलीस न्हवं? मग बस. पलीकडं पाय लाव, परत आनून सोडतो."

बसले. पलीकडच्या पायरीला पाय लावला. येताना मधोमध त्यानं वल्हं थांबवलं.

"उद्या नाव जानार. लेकानं तलावावर दिली, सहलीच्या लोकांस्नी फिरवायला. मीबी कबनूरला चाललो, त्याच्याकडं."

"आरं, मग आधी बोलायचं न्हाय व्हय?"

"रोज तीनदा इचारत हुतो की," केरबा म्हणाला.

मला रडू फुटलं. चार वर्षं मी दुकानात बसून त्याला शिव्या घालत होते. दोघांनाही बोलायला माणूस हवं होतं, आणि मधे होती ती एवढीशी नदी.

काल दिवस मावळताना हाक आली नाही. मी दुकान बंद केलं, शेवटच्या पायरीवर गेले आणि तीनदा ओरडले, "कोण हाय का?"

पलीकडे कुणी नव्हतं. तरी तिसऱ्या हाकेनंतर मी तिथंच उभी राहिले. केरबा किती वेळ थांबायचा, ते मी कधी बघितलंच नव्हतं.