राहिलेली खिडकी

“जगातली सगळी संस्कृती शेवटी मालवणात येवन टेकता!” गंगारामने जेटीवर उभं राहून जाहीर केलं, आणि पुढचं पाऊल माशाच्या पाण्यावर पडून तो स्वतःच तिथे टेकला.

पाच डॅनिश पाहुण्यांनी त्याला उचललं. हाही स्थानिक रिवाज असावा, अशा आदराने दोघांनी फोटो काढले.

गंगाराम वाडीतल्या शाळेचा निवृत्त शिपाई. एकतीस वर्षं घंटा वाजवलेली. हे पाच जण मे महिन्याच्या उन्हात दहा दिवस तीच शाळा रंगवत होते, फुकट. आज त्यांना सुट्टी, उद्या सकाळी परतीची गाडी. मालवण दाखवायला गंगाराम आणि दुभाषी म्हणून त्यांना आणणाऱ्या संस्थेची दीपिका, कुडाळची.

सोमवारी गुरुजींकडे वरून कागद आला होता. पट चारावर आलाय, जूनपासून शाळा बंद. “तू सांग रे, तुझ्याशी जमता तेंचा,” म्हणून गुरुजी मोकळे झाले. गंगाराम सांगायला गेला तेव्हा माल्थे नावाचा लांबलचक पोरगा शिडीवर चढून भिंतीवर देवमासा काढत होता. गंगारामने विचारलं, “च्या घेतलंस?”

आज तरी सांगायचंच होतं. समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी सांगू म्हणाला, तर विहिरीचीच माहिती दोनदा सांगून झाली. परतीच्या होडीत सांगू म्हणाला, तर संध्याकाळच्या गाऱ्हाण्याची तालीम घेत बसला. आपण देवाला गाऱ्हाणं घातलं की सगळ्यांनी एका सुरात “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. पोरांना ते फारच आवडलं. मासळीबाजारात हौसाबाईने सुरमईचा दुप्पट भाव सांगितला, तेव्हाही पाचही जण ओरडले, “व्हय म्हाराजा!”

“गंगाराम, ह्यांका रोज घेवन ये रे!” हौसाबाई म्हणाली. “आमच्या मेल्यांका भाव सांगलो की नुसती कटकट!”

संध्याकाळी वाडीच्या देवळात गंगाराम नारळ घेऊन उभा राहिला. गावाची गाऱ्हाणी तोच घालायचा. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाची हरवलेली म्हैस. माणसांशी थोडं इकडचं तिकडे चालतं. इथे चालत नाही.

“बा देवा म्हाराजा! ही पाच पोरां सातासमुद्रापलीकडसून तुझ्या पायाकडे इली आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“दहा दिवस उन्हात रवान तेंनी आमची शाळा रंगयली.”

“व्हय म्हाराजा!”

“ती शाळा जूनात बंद होतली.”

दीपिकाने मान वर केली.

“व्हय म्हाराजा!” पाचही जण, होडीतल्या तालमीपेक्षा कितीतरी स्वच्छ उच्चारांत.

“माका सांगूक तोंड झाला नाय. चुकी पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा!”

आता काहीतरी मागायचं असतं. गंगाराम थांबला. शाळा चालू राहू दे म्हणावं, तर कागदावर गोल शिक्का होता, आणि शिक्क्यापुढे देवाला अडचणीत टाकणं त्याला बरं वाटेना. त्याने गुपचूप नारळ फोडला.

“काका, खरा ह्या?” दीपिकाने विचारलं.

“देवळात खोटा बोलान?” तो म्हणाला. “सांग तेंका.”

तिने सांगितलं. बाहेर फणसाखाली कुत्रं अंग खाजवत होतं. मग माल्थेने दीपिकाला हळूच काहीतरी विचारलं.

“तो म्हणतो, मागच्या बाजूची एक खिडकी राहिलीय,” दीपिका म्हणाली. “सकाळी गाडीच्या आधी पुरी केली तर चालेल का?”

गंगारामने निवृत्तीनंतरही त्याच्याचकडे राहिलेली शाळेची किल्ली खिशातून काढली. ती दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली आणि माल्थेच्या तळव्यावर ठेवली. त्याला काहीतरी मोठं बोलायचं असावं, संस्कृतीबद्दलच असेल. घसा खाकरून तो दीपिकाकडे वळला.

“तेका सांग, व्हयी तितकी रंगव. पण निळो रंग वायच राखान वापर म्हण. माका कोंबयांच्या खुराड्याक व्हयो आसा.”