दुपारची जागा

खिडकी, साबण, घोडा, लिंबू, पूल. गेला महिनाभर हे शब्द मी आमच्या ह्यांच्याकडून घोकून घेत होते. दात घासताना, भाजी निवडताना, संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की. सगळा जन्म मी शाळेत शिकवण्यात घालवला. मठ्ठातल्या मठ्ठ पोराला पास करून दाखवलंय, तिथं नवऱ्याचं काय घेऊन बसलात!

म्हातारपणी हातपाय आणि डोकं शाबूत राहावं म्हणून दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग चालतो. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, जमिनीवरच्या पट्टीवरून तोल सांभाळत चालायचं, मग पत्ते नाहीतर कोडी. मीही सगळं करते, कारण मी उठले नाही तर हे उठत नाहीत. नर्स म्हणाली होती, आता दुपारचाही गट सुरू होतोय, रोजचा. घरच्यांनी थांबायची गरज नाही. जागा मोजक्याच आहेत, चाचणी घेऊन ठरवणार.

रोज दुपारी मोकळं घर! मला कुठं जायचं नव्हतं. 'माझा चष्मा कुठंय?' असं कोणी न विचारता नुसतं आडवं व्हायचं होतं. मी इतकी थकले होते, की हल्ली ह्यांचा रागसुद्धा येत नसे. ती जागा ह्यांना मिळायलाच हवी होती.

चाचणीच्या दिवशी नर्सने शब्द सांगितले, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग ते परत विचारले. ह्यांनी पाचही धडाधड म्हणून दाखवले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"वा, आजोबा! पैकीच्या पैकी," नर्स म्हणाली. "आजी, काळजी मिटली. ह्यांना दुपारच्या गटाची गरजच नाही. तो ज्यांचं विसरणं वाढलंय त्यांच्यासाठी आहे."

आमच्या शाळेत जागा मिळायच्या त्या गुणांवर. इथं उलटं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं, ते मी पाठ करून घेतलंय," मी म्हटलं. "मागच्या वेळी तू हेच शब्द विचारले होतेस. दुसरं काहीतरी विचार. काहीही."

नर्सने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बोट करून हसत म्हणाली, "आजोबा, या कोण?"

इतका सोपा प्रश्न! गेली जागा हातची, मला वाटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्या मुलासारखे ताठ बसले.

"आमच्या वर्गाच्या बाई. फार कडक आहेत." मग पुढे झुकून त्यांनी तिला हळूच विचारलं, "झालं असेल तर मी निघू का? घरी बायको वाट बघत असेल."

नर्सने पेन परत उचललं आणि आधीचे गुण खोडले. मग म्हणाली, "उद्यापासून दुपारी आणा."

जागा मिळाली. ह्यांना उठवायला मी तोंड उघडलं, पण कोण म्हणून हाक मारावी, तेच सुचेना.