बंद कपाटातलं आरमार

मेरेनने सेनापतीचं बोटभर लांबीचं खेळातलं जहाज उचलायला हात घातला आणि ते तिच्या चिमटीत चुरडलं.

खडू चुरडावा तसं. काळ्या-पिवळ्या रंगाचा पापुद्रा फुटला, आतली पांढरी भुकटी फळीवर सांडली, आणि पितळी तारेच्या डोलकाठ्या, तिने भिंगाखाली बांधलेल्या दोरांसकट, तिच्या बोटांत अखंड लोंबत राहिल्या. पुढच्या जहाजाला तिने बोट नुसतं टेकवलं. तेही खचलं.

मोतीबिंदूमुळे दोन वर्षं तिने कुंचला धरला नव्हता. कपाटाच्या काचेतून धूसर दिसणारं आरमार तिला शाबूत वाटत होतं. उद्या बेलरीव्ह गावच्या युद्धखेळांच्या क्लबात, टेबलावरच्या निळ्या कापडावर, ते पुन्हा लढायचं होतं.

मग वास जाणवला. व्हिनेगरचा, मंद. सगळा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेल्या बाईला आणखी काही सांगायला नको होतं. ओकचं लाकूड वर्षानुवर्षं आम्लाची वाफ सोडतं. बंद पेटीत ती वाफ शिसं खाते. जहाजं तिने शिशाची ओतली होती. कपाट ओकचं होतं, आणि दारं इतकी घट्ट की केसही आत शिरू नये. अर्धांगवायूनंतर तिच्या धाकट्या भावाने, ऑल्विनने, ते एकट्या डाव्या हाताने घडवलं होतं. कपाट पुरं झालं त्या दिवशी तो आजारपणानंतर पहिल्यांदा हसला होता.

मेरेन खुर्चीत बसली. बाहेर गाडीचं दार आपटलं.

"अगं, चहा टाक!" मागच्या दारातून ऑल्विन ओरडत आला. "डेझ्मंडचंही कपाट झालं, गाडीत आहे. त्याच्या दारांपुढे तुझी दारं म्हणजे कोंबड्यांचं खुराडं! जाता जाता देऊन येतो."

जहाजं माझ्या हातून पडली, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. पण क्लबात तिच्यासमोर खेळणाऱ्या डेझ्मंडची जहाजंही शिशाचीच होती, त्याच्या वडिलांनी ओतलेली.

"काय झालं? भूत पाहिलंस की काय?"

"तुझ्या कपाटाने जहाजं खाल्ली, ऑल्विन."

तो हसला. मग त्याची नजर फळीवर गेली आणि हसू तोंडावर तसंच थिजलं.

"वाळवी?"

"नाही. ओकची वाफ. आम्ल असतं तिच्यात. जवळ जाऊन फुंकू नकोस, विष आहे ते."

तो आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

"जन्मभर पोरांना हेच शिकवलंस ना तू?"

"हो."

"आणि वास नाही आला?"

"मागच्या हिवाळ्यात आला होता. मला वाटलं, तू व्हिनेगर शिंपडलेल्या चिप्स खाऊन गेलास."

या वेळी तो हसला नाही. लुळा उजवा हात पोटाशी धरून बाहेर निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन बसली. आवाज आला नाही. शेवटी ती उठून बाहेर गेली.

गाडीच्या मागच्या भागात तो गुडघ्यांवर बसला होता. नव्या कपाटाच्या बिजागरीवर पेचकस टेकवत होता, आणि त्याचं टोक पुन्हा पुन्हा घसरत होतं.

"दार धर," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "लावलं एका हाताने. काढता येत नाहीये."

मेरेनने दोन्ही हातांनी दार धरलं.