अनवधानाने

मला माझ्या मराठीचा फार अभिमान. आजोबा अर्जनवीस, वडील कोर्टात शिरस्तेदार, मी बाभुळगावला पंचवीस वर्षं वकील. ‘कायद्याचे शब्द, सोप्या भाषेत’ ही पुस्तिका मी काढली तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. ती पक्षकारांना फुकट वाटायची आणि गावोगाव जाऊन त्यातले शब्द समजावून सांगायचे, असा माझा उद्योग सुरू झाला. शाल-श्रीफळ मिळायचं, मीही आनंदाने घ्यायचो.

फेब्रुवारीत एका तांड्यावर गेलो होतो. समाजमंदिरात साठेक माणसं सतरंजीवर बसलेली. बोलता बोलता हक्कसोडपत्रावर आलो. म्हणालो, हक्कसोडपत्र म्हणजे आपला वाटा कायमचा सोडून देणं. एकदा अंगठा उठला की शेत तुमचं नाही. म्हणून आधी विचारा, मग अंगठा करा. टाळ्या पडल्या.

मागून एक बाई उठली. पन्नाशीची, पदर घट्ट खोचलेला.

‘म्या इचारलं होतं, वकीलसायेब,’ ती म्हणाली. ‘तुमालेच.’

दोघंतिघं हसले, कोणी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. ती रामीबाई. नवरा गेल्यावर ती माहेरच्या तांड्यावरच राहिली होती. बापाचं चार एकर शेत तिच्या आणि भाऊ लालसिंगच्या वाट्याला आलं, त्यातलं अर्धं ती स्वतः कसत होती. आता लालसिंगने सगळंच विकायला काढलं होतं आणि पाडव्याआधी शेत खाली कर म्हणून तिला सांगितलं होतं. तिने हरकत घेतली तर त्याने पाच वर्षांपूर्वीचं हक्कसोडपत्र दाखवलं. ते मी केलेलं होतं.

मी तिला ऑफिसात यायला सांगून विषय आटोपता घेतला. घरी येईपर्यंत स्वतःला बजावत होतो की असं काही झालेलं मला आठवत नाही. मग दप्तर काढलं. पत्राच्या तळाशी तिचा अंगठा, त्याखाली ‘मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला’ आणि माझी सही. ही ओळ आमच्या प्रत्येक कागदावर असते, अगदी आजोबांच्या काळापासून. पंचवीस वर्षांत ती मी हजारदा लिहिली असेल, पण शेवटपर्यंत वाचून दाखवलेले कागद बोटांवर मोजण्याइतके.

आणि मग सगळं आठवलं. अंगठा करण्याआधी तिने विचारलं होतं, हे कायचं हाये? लालसिंगने माझ्याकडे पाहिलं. त्या तांड्यावरची निम्मी कामं तोच माझ्याकडे आणायचा. मी म्हणालो होतो, तुमचं नाव लावायचं काम आहे बाई, करा अंगठा. मी दप्तर बांधून ठेवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

तीन दिवसांनी रामीबाई आली. मीच आता साक्षीदार, म्हणून तिची केस गुंजन नावाची दुसरी वकील चालवणार होती. गुंजनला द्यायला मी माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. ते रामीबाईच्या हातात देताना आपण मोठं काम करतोय असंही जरासं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिने कागद घेतला नाही.

‘वाचा,’ ती म्हणाली.

मी थोडक्यात सांगायला लागलो. तिने मान हलवली, जसं लिहिलं तसं वाचा म्हणाली. मी वाचत गेलो. ‘...सदर मजकूर समजावून सांगण्याचे माझ्याकडून अनवधानाने राहून गेले.’

‘अनवधानानं म्हंजे काय?’

हा शब्द माझ्या पुस्तिकेत नव्हता.

‘लक्ष नसलं की होतं ते,’ मी म्हणालो. ‘चुकून.’

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

‘चुकून राह्यलं का, सायेब?’

‘अनवधानाने’ या एका शब्दाने माझी वकिलीची सनद शाबूत राहत होती, ते मला लिहितानाच ठाऊक होतं. नुसतं सांगायचं राहिलं, एवढ्यावर तिची केस लंगडीच पडणार होती. फसवून अंगठा घेतला असं म्हटलं तरच तिचं शेत परत मिळण्याची आशा होती, पण मग माझ्यावर तक्रार झाली असती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त काय झालं होतं ते माहीत होतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘तुम्ही विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.’

‘मंग तसंच लिवा.’

मी ते वाक्य खोडलं. बाजूला पेनने लिहिलं, ‘हा कागद कशाचा आहे असे रामीबाईने मला विचारले. नाव लावायचे काम आहे असे मी तिला खोटे सांगितले, म्हणून तिने अंगठा केला.’ मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

एकाही शब्दाचा अर्थ तिने विचारला नाही. टेबलावरचं पेन उचलून माझ्यासमोर ठेवलं.

‘समजलं,’ ती म्हणाली. ‘आता तुमी करा सही.’