वरच्या अंगाचं पाणी

रतन स्टुलावर उभी राहून खिडकीच्या काचेला तिसरा ट्रेसिंग कागद चिकटवत होती आणि खाली मैत्री एका हातानं स्टूल धरून घड्याळाकडे बघत होती. साडेअकरा वाजले होते. चार वाजता समितीची बैठक. कोकणातल्या एका तालुक्याला समुद्राचं पाणी गोडं करून द्यायचे तीन प्रस्ताव तिथे मांडायचे होते. तुलनेचा तक्ता कधीच छापून झाला होता. पहिला नंबर तिसऱ्या प्रस्तावाचा, कारण तो सगळ्यांत स्वस्त होता आणि प्रत्येक रकान्यात त्याला बरोबरची खूण होती.

येरवड्यातल्या या सल्लागार कचेरीत ट्रेसर म्हणून, नकाशे शाईनं हातानं उतरवायच्या कामाला, लागून रतनला चौतीस वर्षं झाली होती. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. संगणक आल्यापासून तिचं काम नकाशांच्या घड्या घालण्यापुरतं उरलं होतं, पण जुनी खोड कुठली जायला? प्रस्ताव बाहेर पडण्याआधी ती सगळे नकाशे एका मापात, उत्तर दिशा वर ठेवून, हातानं काढायची आणि एकावर एक उजेडात धरायची. ताई खिडकीला लुगडं नेसवतात, असं मैत्रीसारखे तरुण इंजिनिअर म्हणायचे. ताई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

समुद्रातून पाणी घ्यायची जागा निळ्या ठिपक्याची. मीठ काढून उरलेलं जास्तच खारट पाणी परत सोडायची जागा तांबड्या ठिपक्याची. पहिल्या दोन्ही कागदांवर निळा वर आणि तांबडा खाली होता. तिसरा कागद त्यांवर बसला. इथे तांबडा वर होता.

तिनं मैत्रीला तिसरा प्रस्ताव देणाऱ्या कंपनीचा मूळ नकाशा बाहेर काढायला लावला. कागदावर मावावा म्हणून त्यांनी किनारा आडवा काढला होता आणि उत्तरेचा बाण कोपऱ्यात, मुंगीएवढा. तक्त्यात दोन जागांमधलं अंतर होतं, दिशेचा रकानाच नव्हता. मग पकडणार कोण?

"उन्हाळ्यात तिथला प्रवाह कुठून कुठे जातो गं?"

"रिपोर्टमध्ये उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे," मैत्री म्हणाली आणि काचेकडे बघून थांबली. "म्हणजे टँकरच्या सीझनलाच, ताई."

रतनला इतका आनंद झाला होता की तिला स्वतःचीच लाज वाटली. चूक सापडल्याचा कुणाला आनंद होतो? पण होत होता. तिन्ही कागद गुंडाळून ती इंद्रजीत सरांच्या केबिनमध्ये घुसली, दारावर टकटक न करता. कचेरी सरांच्या मालकीची होती आणि असं आजवर कुणी केलं नव्हतं.

"रतनबाई, निरोपसमारंभ शुक्रवारी आहे," सर मान वर न करता म्हणाले. तिनं सांगितलं तेवढं त्यांनी ऐकलं आणि सात इंजिनिअरांनी हे तपासलंय, बैठकीला चार तास उरलेत, असं कोरडं उत्तर दिलं.

रतन हलली नाही. आज आपण गप्प बसलो तर तालुका ऐन उन्हाळ्यात तहानलेला राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"सर, नदीवर वरच्या अंगाला पाणी भरतात, खालच्या अंगाला धुणं धुतात. यांनी उलटं केलंय. आपणच सोडलेलं खारं पाणी आपल्याच पाइपात परत येणार." तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली. "माझ्या आजीला, चंद्रभागाबाईला, गावानं जन्मभर खालच्या अंगालाच पाणी भरू दिलं. वर कोण आणि खाली कोण, हे आधी बघायची आमच्या घरात सवय आहे."

सर उठले. त्यांनी कागद स्वतः काचेला लावले आणि वरच्या तांबड्या ठिपक्यापासून खालच्या निळ्यापर्यंत बोट फिरवलं.

मग मात्र कचेरीत नुसती धांदल उडाली. कंपनीला फोन गेले, जुने तक्ते फाटले, नव्या तक्त्यात दिशेचा रकाना आला आणि तिसरा प्रस्ताव खाली गेला. जेवणाचे डबे तसेच राहिले. रतन सगळ्यांत जास्त धावत होती.

साडेतीनला सरांनी तिची ट्रेसिंग तिच्याच टेबलावर पसरली. कोपऱ्यात तीन चौकटी होत्या. 'काढणार' या पहिल्या चौकटीत नेहमीप्रमाणे तिची आद्याक्षरं होती. सरांनी दुसरीवर, 'तपासणार'वर, बोट ठेवलं.

"इथे सही करा."

"तिथे इंजिनिअरची असते, सर."

"मला माहीत आहे."

रतननं पेन घेतलं आणि आद्याक्षरं न लिहिता पूर्ण नाव लिहिलं. चौकट लहान होती. चौतीस वर्षांत तिची एकही रेघ कधी चौकटीबाहेर गेली नव्हती, आज आडनाव गेलं. सवयीनं तिनं खण उघडला. शाई खरवडायचं ब्लेड तिथेच असायचं. तिनं ते पाहिलं आणि खण लावून टाकला.