पडल्या आणि मेल्या

काल फोनवर संचिता ‘पडल्या’ म्हणाली होती. फवारणी विभागाच्या कार्यालयात बसलेल्या कौस्तुभने ‘मेल्या’ असं लिहून घेतलं.

खारी वस्तीतल्या पाण्याच्या टाक्यांमधून आणलेल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून तिने मलेरियाच्या डासांच्या शंभर माद्या निवडल्या होत्या. फवारणीचं औषध लावलेला कागद आत गुंडाळलेल्या नळ्यांत त्यांना तासभर ठेवलं. तासाने नव्याण्णव तळाशी आडव्या झाल्या. त्यांना स्वच्छ नळ्यांत घालून, साखरपाण्याचा बोळा ठेवून चोवीस तास थांबायचं आणि मगच मेलेल्या मोजायच्या, अशी पद्धत. तिने कळवला तो पहिल्या तासाचा आकडा.

“एकच नॉट आऊट? मग औषध पास!” कौस्तुभ हसला होता. “उद्या दुपारी खारीत हेच मारतो.”

“सर, उद्या पक्का आकडा...” ती म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. परत लावायचा राहून गेला.

आज अकरा वाजता चोवीस तास भरले, तेव्हा एक्केचाळीस माद्या ढुंगण वर करून नळीच्या भिंतीला बसलेल्या होत्या. तिने तीनदा मोजल्या.

“अगो बाय, ह्या त जित्या हायत!” मागून काशीनाथ काका म्हणाले. वीस वर्षं घरोघरच्या अळ्या गोळा करणारा हा माणूस खारीचाच. त्यांच्या गल्लीत या आठवड्यात मलेरियाचे तीन रुग्ण निघाले होते. “कौस्तुभ सायेब बोलला, पास हाय. मी सगल्या गल्लीत सांगून आलो.”

“काय सांगितलंत?”

“आता घोर न्हाय म्हून.” काका स्टुलावर बसले. “सुनेची, दिशाची मच्छरदाणी मीच काढली काल. सातवा म्हयना, गुदमरतंय बोलली. म्हटला, उद्या फवारा हाय, एका रातीत काय होते?”

संचिताने फोन लावला. एक्केचाळीस माद्या जिवंत असल्याचं सांगितलं.

“मॅडम, पंप निघालेत,” कौस्तुभ म्हणाला. “कागदावर सही झालीय. मारून टाकू, लोकांचं समाधान.”

“त्या समाधानानेच मच्छरदाण्या उतरतायत, सर. लेचेपेचे डास मरतील, या एक्केचाळिसांसारखे उरतील आणि यांचीच पैदास वाढेल. औषध बदलायला हवं. तोवर टाक्या रिकाम्या करा.”

“आणि चूक कोणाची लिहू?”

“माझी. अर्धवट आकडा मी दिला. लिहा.”

पलीकडे कौस्तुभ कोणावर तरी ओरडला, “अरे, गाडी रोको! खारी कॅन्सल!”

“दिशाचा रगत तपासू काय आता?” काकांनी विचारलं.

“आज काही दिसणार नाही, काका. चावला असला तरी दहा-बारा दिवस जातात. ताप आला तर तासभरही थांबू नका.”

दहा-बारा दिवस. काकांनी आकडा ओठांतल्या ओठांत म्हटला आणि सुनेला फोन लावून स्पीकरवर टाकला. “दिशा, मच्छरदाणी लाव. आताच.”

“बाबा, धुवून वाळत घातलीय.” ती हसली. “सगळ्यांनीच काढल्यात. तुम्हीच बोललात ना काल?”

काकांनी फोन ठेवला आणि खांद्याला झोळी अडकवली. संचिताने नळ्या कुलपात ठेवल्या.

“किती घरं आहेत गल्लीत?”

“चौसष्ट.”

“अर्धी मी घेते,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या आत.”