गोळीआधीचं रक्त

हेडसरांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि कॉपी करणाऱ्या पोरांना कान धरून वर्गाबाहेर काढलं. साठाव्या वर्षी, थोरल्या बहिणीची किडनी पोटात घेऊन, ते स्वतःच कॉपी करायला लागले.

शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. सर मोठ्या हौसेने तिच्यात सामील झाले. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. दर सोमवारी मात्र आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी, म्हणजे आधीचं औषध अंगात किती उरलंय ते कळतं. शेंबड्या पोरालाही समजेल असा नियम.

पण त्या गोळीने हात थरथरायचे आणि संध्याकाळी मित्रांसमोर पत्ते गळून पडायचे. सरांनी संध्याकाळच्या गोळीला दांडी मारायला सुरुवात केली. सोमवारी पितळ उघडं पडू नये म्हणून घरूनच दोन गोळ्या ठोकून निघायचे. आकडा असा फक्कड यायचा, की डॉक्टरबाईंनी उलट डोस कमी केला. सर पहिला नंबर आल्यासारखे खूश.

दोन महिन्यांत पाय सुजले. ताई त्यांना बखोटीला धरून दवाखान्यात घेऊन आली.

"औषध अंगात भरपूर आहे, तरी शरीर किडनीच्या जिवावर उठलंय," डॉक्टरबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. "म्हणजे गोळीच कुचकामी दिसते. सर, वेळेवर घेता ना?"

"म्हणजे काय, घेतोच," सर म्हणाले. खापर गोळीवर फुटत असेल तर फुटू दे, तिला कुठे अब्रू आहे?

"डॉक्टर, माझीच किडनी टाकाऊ असेल का हो?" ताई हळूच म्हणाली. "वय झालं माझं. उगाच गळ्यात मारली ह्याच्या."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझी किडनी चांगली आहे, ताई," ते म्हणाले. "मीच नालायक आहे." आणि सगळं ओकून टाकलं, पत्त्यांसकट.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजपासून इंजेक्शनं सुरू करू. वेळेत बोललात. वाचेल बहुतेक."

"कोण, हा?" ताईने विचारलं.

"किडनी."

"मग झालं तर. ह्याचं मी बघते," ताई म्हणाली, आणि सरांच्या खिशातली गोळ्यांची डबी काढून तिने आपल्या पर्समध्ये टाकली.